पंधराशे त्यांचे आणि माझ्या पगारातले दोनशे

"हे पैसे काय यांच्या बापाचे आहेत का?" लाडक्या बहिणीचा, म्हणजे सरकार बायकांना महिन्याला पंधराशे देतं त्या योजनेचा, विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी हे म्हणतंच. आमच्या घरच्या ग्रुपवर ते काम आतेभावाकडे असतं. तो न्यू जर्सीला असतो, तिकडे झोपायच्या आधी एक मेसेज टाकतो आणि इकडे आमची सकाळ नासवतो. महाराष्ट्र भिकेला लागणार, टॅक्स भरणारे मूर्ख, रेवड्या, व्होट बँक, सगळं एका दमात. मग काका दोन अंगठे दाखवतात आणि वहिनी, म्हणजे गावाकडची, माण तालुक्यातली, जिच्या खात्यात खरंच हे पैसे येतात, ती गप्प बसते. तिचं ते गप्प बसणं मला टोचतं, म्हणून हे लिहितोय.

तर या आमच्या न्यू जर्सीच्या दादाला अमेरिकन सरकारने स्वतः चेक दिलाय. कोविडमध्ये तिकडं तीन वेळा पैसे वाटले गेले, २०२० च्या मार्चमधल्या कायद्याने १,२०० डॉलर, डिसेंबरमध्ये ६०० आणि २०२१ च्या मार्चमध्ये १,४००, मोठ्या माणसामागे, उत्पन्नाच्या एका मर्यादेखाली. दादा तेव्हा एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होता आणि वहिनी (तिकडची) एच-फोर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, नुसता टॅक्सचा नंबर होता, आणि दोघं एकत्र रिटर्न भरायचे म्हणून पहिल्या वेळी दोघांनाही छदाम मिळाला नाही. असल्या कितीतरी देशी जोडप्यांचं तेव्हा असंच झालं होतं. तेव्हा हाच माणूस ग्रुपवर रोज चिडचिड करायचा की मी टॅक्स भरतो, मला का नाही, हा अन्याय आहे. डिसेंबरच्या कायद्यात ती दुरुस्ती झाली आणि त्याचे पैसे आले. त्याने काय केलं त्यांचं? क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल भरलं. शहाणपणाचंच केलं. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने तेव्हा पाहणी केली होती, तिच्यात पहिल्या चेकमधला साधारण एक तृतीयांश पैसा लोकांनी कर्ज फेडायलाच वापरलेला दिसला होता.

हे मी दादाला टोमणा म्हणून सांगत नाहीये (थोडा आहे टोमणा). सरकारने कर्ज काढून लोकांच्या हातात पैसे द्यावेत का, हा प्रश्न विचारताना आपण घेणाऱ्याच्या जागी असलो की उत्तर वेगळं येतं आणि बघणाऱ्याच्या जागी असलो की वेगळं, एवढंच.

अमेरिकेत त्या पैशांचं पुढं काय झालं ते दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. २०२१ मध्ये त्यांनी पोरांसाठी दर महिन्याला २५० ते ३०० डॉलर द्यायला सुरुवात केली, जुलै ते डिसेंबर. त्या वर्षी तिकडच्या एका मापाने गरिबीत राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं, इतकं खाली ते कधीच नव्हतं. योजना संपली, पुढच्याच वर्षी १२.४ टक्के. म्हणजे पैसे दिल्याने गरिबी कमी होते, आणि थांबवल्यावर ती परत येते, यात काही गूढ नाही. आणि दुसरी बाजू अशी की जून २०२२ ला तिकडं महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांत झाली नव्हती अशी. सगळं खापर चेकवर फोडता येणार नाही, युक्रेनचं युद्ध होतं, मालाची जहाजं अडकली होती, पण चेकचा त्यात काहीच हात नाही असं म्हणणं पण लबाडीच.

पण अमेरिकेचं एक बरं होतं, ते संकट होतं आणि चेक तीनच होते. आणि देणारं सरकार डॉलरमध्ये कर्ज काढणारं, ज्या डॉलरचा छापखाना त्यांच्याच घरात. महाराष्ट्र सरकारकडे छापखाना नाही. नाशिकरोडला प्रेस आहे ती दिल्लीची.

आपली गोष्ट २८ जून २०२४ ची. अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून बजेट मांडलं आणि त्यात ही योजना आली, २१ ते ६० (पुढं ६५ केलं) वयाच्या बायकांना महिन्याला १,५००, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं, वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं. भागाकार करून बघा, वर्षाचे १८,००० एकीला, म्हणजे अडीच कोटींच्या वर बायका. राज्यात एकूण माणसं तेरा कोटीच्या आसपास. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून ३,००० पडले, नोव्हेंबरात निवडणूक, महायुतीने २,१०० करू म्हणून सांगितलं, समोरच्यांनी ३,००० म्हणून सांगितलं. म्हणजे लिलावच. जिंकले त्यांचे २,१०० मार्च २०२५ च्या बजेटमध्ये काही आले नाहीत, उलट योजनेची तरतूद ३६,००० कोटींवर आली. त्याच बजेटमध्ये राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार असं लिहिलेलं होतं. आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी.

ही महसुली तूट म्हणजे काय, तर रोजचा खर्च भागवायला जेवढं कमी पडतं ते. धरण, रस्ता, मेट्रो यांचं कर्ज वेगळं, त्यातनं निदान काहीतरी उभं राहतं. इथं पगार, पेन्शन, व्याज, अनुदान यांनाच पैसा पुरत नाही म्हणून कर्ज. आता ४५ हजाराची तूट आणि ३६ हजाराची योजना शेजारीशेजारी ठेवल्यावर कुणालाही दिसेल की लाडकी बहीण बऱ्याच अंशी उसनवारीवर चाललीये. बचाव करणारे सांगतात की राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या मानाने कर्ज १९ टक्क्यांच्या आतबाहेर आहे, मर्यादा २५ ची आहे, पंजाबसारखं काही झालेलं नाही. खरंय ते. महाराष्ट्र बुडत नाहीये. पण व्याजापोटीच वर्षाला साठ हजार कोटींच्या वर जातात, म्हणजे योजनेच्या दीडपटीहून जास्त तर नुसतं व्याजच.

हे कर्ज सरकारला कोण देतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही बघा. राज्य सरकार रोखे काढतं, रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते आणि ते घेतात बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड. म्हणजे माझी एफडी, काकांची एलआयसी, तुमचा पीएफ. आपणच सरकारला साधारण सव्वासात टक्क्याने पैसे देतो, सरकार ते वहिनीला देतं, आणि मग आपणच ग्रुपवर ओरडतो की आमचे पैसे वाटले. वाटले कुठं, तुम्हाला व्याज मिळतंय की त्याच्यावर.

आता वहिनीकडं येतो. गावात बँक नाही, तालुक्याला आहे. गावात किराणा दुकानात एकाने बँकमित्राचं मशीन ठेवलंय, तिथं आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, तो पैसे मोजून देतो. हप्ता आल्याची बातमी लागली की सकाळपासून बायका. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मी पण तिथं ओट्यावर बसलेलो. एक म्हातारी होती, तिचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर खुरपं धरून रेषाच गेलेल्या. दुकानदार म्हणे, आजी, डोक्यावरनं फिरवा बोट, तेल लागू द्या. तिने फिरवलं. नाय झालं. मग साबणाने हात धुवून आणला, दुसरं बोट, तिसरं, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मशीनने टूं केलं आणि सगळ्या बायकांनी एकदम "आलं आलं" केलं. त्याने पंधराशे मोजले, समोरच पडलेली उधारीची लांबडी वही उघडली, त्यातले सहाशे ऐंशी वजा केले आणि उरलेले तिच्या हातात दिले. तिने ते परत मोजले. मला वाटलं कुरकुर करेल. नाही. उलट म्हणाली, "आता लिही नव्यानं, चापत्ती दे आन् गोडंतेल."

मागणी वाढते, बाजारात पैसा फिरतो, असं अर्थशास्त्रवाले म्हणतात ना, ते हे. नव्याने लिही.

वहिनीचे मात्र उधारीत जात नाहीत. तिने बचत गटातनं नाही, खाजगी फायनान्सकडनं चाळीस हजार उचलले होते, दादाच्या (गावाकडच्या) मोटारीचं, विहिरीवरच्या, काम निघालं तेव्हा. दर बुधवारी फायनान्सचा पोरगा बाइकवर येतो, दहा-बारा बायका एका घरात गोळा होतात, एकीने हप्ता नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा. या कंपन्यांचं व्याज २२ ते २६ टक्के असतं. त्याच्या बाहेर गावातला सावकार, शेकडा तीन, कधी पाच, महिन्याला. ती मला म्हणाली, "भावजी, आधी बुधवार आला का पोटात गोळा यायचा. आता दोन बुधवार तरी सरकार भरतंय."

मी परत येताना एसटीत हाच हिशेब करत होतो. सरकार सव्वासात टक्क्याने कर्ज काढतंय आणि त्या पैशाने वहिनी चोवीस टक्क्याचं कर्ज फेडतीये. दादाने क्रेडिट कार्ड फेडलं तसंच. निव्वळ व्याजाचा विचार केला तर याच्याइतका शहाणा व्यवहार दुसरा नाही, महागडं कर्ज गरिबाच्या अंगावरनं काढून स्वस्तात सरकारच्या अंगावर घेतलं. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी ग्रुपवर दादाशी भांडलो असतो आणि जिंकलो पण असतो.

पण वहिनीचं चाळीस हजाराचं कर्ज दोन वर्षांत फिटतं. सरकारचं हे देणं फिटत नाही, ते दर महिन्याला नवीन लागतं. संकटात एकदा दिलं, दोनदा दिलं, त्याला कर्ज काढणं मला समजतं. कोविडमध्ये आपल्याकडं जनधन खात्यात बायकांना ५०० रुपये तीन महिने दिले, फक्त पाचशे, तेव्हा उलट मला वाटायचं की अरे जास्त द्या, कर्ज काढा पण द्या, लोक चालत गावाला निघालेत. ती वेळ कर्ज काढायची होती. पाऊसपाणी बरं, कारखाने चालू, जीएसटी जोरात, अशा चांगल्या दिवसांत जर घर दर महिन्याला उसनं आणून चालवायचं तर वाईट दिवसाला काय करायचं? ही योजना कायमची असेल, आणि असावी असं माझं मत आहे, तर तिला कायमचा पैसा पाहिजे. कायमचा पैसा म्हणजे कर. आणि तो शब्द निवडणुकीत कुणी काढत नाही, देणारे पण नाही आणि रेवडी म्हणणारे तर नाहीच नाही.

रेवडी म्हणणाऱ्यांवरनं आठवलं. फेब्रुवारी २०२५ ला केंद्राच्या बजेटमध्ये १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स शून्य झाला, पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत. सरकारने स्वतः सांगितलं की याने सुमारे एक लाख कोटीचा महसूल सोडावा लागेल. कारण काय दिलं? मध्यमवर्गाच्या हातात पैसा राहील, तो खर्च करेल, मागणी वाढेल. शब्दशः तेच कारण जे पंधराशेला देतात. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे स्टिकर आले. काकांनी दोन अंगठे दाखवले. कुणी विचारलं नाही की हे कुणाच्या बापाचे.

या महाराष्ट्राने एकदा हे काम वेगळ्या पद्धतीने केलंय, म्हणून जास्त चिडायला होतं. १९७२ चा दुष्काळ. माझी आजी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची, ती थोडी पदरात बांधून पोरांना आणायची. आमच्या घरात सुकडीच्या चवीवर अजून वाद आहेत, आत्या म्हणते फार छान लागायची, वडील म्हणायचे भुसा होता. त्या दुष्काळी कामांतनं रोजगार हमी योजना पक्की झाली, वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी ती कल्पना त्याआधीच सांगलीकडं तासगाव तालुक्यात करून बघितली होती. आणि हक्काने काम द्यायचं तर पैसा कुठून, तर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदारांनी, डॉक्टर-वकिलांनी, दुकानदारांनी थोडे थोडे द्यायचे आणि ते गावातल्या हमीला जायचे, सरकारने त्यात आपल्या बाजूने भर घालायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. देशाची मनरेगा आली २००५ ला.

तुमची सॅलरी स्लिप काढून बघा. 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ते हेच. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या पोरापोरींना विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं की हे कशाचे. एक म्हणाला पार्किंग असेल. पण तेव्हा ते लपवून केलेलं नव्हतं. मुंबईतल्या कारकुनाला सांगितलं होतं की बाबा रे, दुष्काळातल्या बाईला काम द्यायचंय, तू एवढे दे. त्याने कुरकुर केली असेल, पण हिशेब समोर होता.

आज कुणाला सांगितलंय? आज काय होतं, तर पैसा गपचूप दुसरीकडनं निघतो. आनंदाचा शिधा, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, तेल, २०२२ च्या दिवाळीत सुरू झालेला, २०२५ च्या दिवाळीला गायब. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचे शेकडो कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले म्हणून २०२५ च्या मेमध्ये खुद्द सत्तेतल्याच मंत्र्याने, संजय शिरसाटांनी, जाहीर संताप केला. सरकारी कामं केलेल्या कंत्राटदारांनी २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली. यातलं एकही विधानसभेत उभं राहून "लाडक्या बहिणीसाठी आम्ही हे बंद करतोय" म्हणून झालेलं नाही. कर्जाचा हा जो भाग आहे ना, आकड्यात न दिसणारा, तो मला नऊ लाख कोटीपेक्षा जास्त खुपतो. आदिवासी वसतिगृहातल्या पोरीचं जेवण आणि तिच्या आईचे पंधराशे यांची अदलाबदल करायची आणि त्याला बहिणीची ओवाळणी म्हणायचं.

आणि मग छाननी. निवडणुकीआधी कागद बघायला कुणाला वेळ नव्हता, अंगणवाडीताई रात्री बारापर्यंत फॉर्म भरत होत्या, एका फॉर्मला ५० रुपये. निवडणुकीनंतर अचानक चारचाकी कुणाकडं, एका घरात तिघी का, सरकारी नोकरीत असून कशी घेते, सगळं आठवलं. यादीत चौदा हजारांवर पुरुष निघाले. २६ लाखांच्या वर नावं थांबवली. खोटं घेणाऱ्याचं थांबवायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ई-केवायसी काढली त्यात नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार मागितलं, आणि ज्या बाईला नवरा पण नाही आणि बाप पण नाही, जिला या पंधराशेची सगळ्यात जास्त गरज, तीच अडकली, त्यावर उपाय नंतर शोधला. आमच्या गावातली ती मधल्या बोटाची म्हातारी विधवा आहे. तिचे दोन हप्ते मध्ये आले नाहीत. उधारीची वही मात्र चालू राहिली.

बरं, कर अगदीच लावला नाही असं नाही. व्यवसाय कर वाढवता येत नाही, घटनेतच वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे, १९८८ पासून, आणि तेव्हाचे अडीच हजार आता काय राहिलेत. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे येतील म्हणून सांगितलं. भारतात बनणाऱ्या विदेशी दारूच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये झाली. मुंबई-पुण्यातले मोठे फ्लॅट, दुसरं तिसरं घर, कोट्यवधीचे प्लॉट, यांच्यावर हात टाकायची कुणाची हिंमत नाही, आमच्यासारख्या बारा लाखवाल्याला दुखवायची नाही, मग उरला कोण?

हे मी वहिनीला फोनवर सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, "म्हंजे आमच्या शेजारच्यानं आठवडाभर रोज एक घेतली का त्याच्या बायकोच्या हप्त्यातले साठ-पासष्टच राहत्यात की हो."

मी कॅल्क्युलेटर काढला. २०५ गुणिले सात, १,४३५. बरोबर होतं तिचं. ग्रुपवर टाक म्हटलं, तर म्हणाली तुम्हीच टाका.